छप्पन्न वर्षांवरील महिला गटाच्या सुवर्णपदकाविषयी

सन्माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे कमलाकर मोकल साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले, आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून अधूनमधून घड्याळाकडे पाहणारे आदरणीय प्रमुख पाहुणे. ज्यांना मी 'सर' म्हणते आणि जे वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत ते आमचे प्रशिक्षक धनेश सर. या सभागृहाच्या मालकीणबाई, आजच्या समारंभाच्या आयोजक आणि बसल्या जागेवरून मागच्या स्वयंपाकावरही लक्ष ठेवून असलेल्या चंद्रावतीताई घरत. माझी ओळख करून देणारे त्यांचे चिरंजीव केतनराव. रविवारची सकाळ सोडून इथे आलेल्या माझ्या इस्रायल मोहल्ल्यातल्या बायका, माझ्यासोबत मॅटवर लोळणारी मुलं-मुली, आणि जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, सर्वांना सिप्पोरा झिराडकरचा नमस्कार.

केतनरावांनी मला 'पनवेलची सुवर्णकन्या' म्हटलं. मी एकसष्ट वर्षांची आहे. त्यामुळे तो शब्द आला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोण आलीय म्हणून. बाहेर चौकातल्या बॅनरवरही तेच लिहिलंय. त्यावरचा माझा फोटो हॉस्पिटलच्या जुन्या ओळखपत्रावरचा आहे, सत्त्याण्णव सालचा. माझ्या भोवती बारा शुभेच्छुक आहेत, त्यांतले नऊ गॉगल लावून. तो बॅनर पाहून माझ्या लेकीने, लियोराने, इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन केला, 'आई, हे लोक तुझे बॉडीगार्ड आहेत का?' असो. केतनराव, प्रेमाने केलंत, त्याचे मनापासून आभार.

मी येत्या बुधवारी कायमची इस्रायलला जातेय. लियोरा तिकडे असते, जावई आहे, सहा महिन्यांची नात आहे. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'सिस्टर, तिकडे सुरक्षित आहे का?' मी म्हणते, अहो, मी निवृत्त होईपर्यंत कळंबोली सर्कल रोज पायी, ट्रक-ट्रेलर चुकवत ओलांडलंय. माझी काळजी कशाला करता?

माझ्याआधी सहा जण बोलले. अध्यक्ष साहेब म्हणाले, मी शिस्तीची. खरं आहे, माझ्या हाताखाली काम केलेल्या दोन नर्स इथे बसल्यात, त्या अजूनही पाय जुळवून बसल्यात. प्रमुख पाहुणे म्हणाले, मी तरुणांचं प्रेरणास्थान आहे. असेनही. आणि मग कमलाकर साहेब पुन्हा उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, 'सिस्टर म्हणजे प्रामाणिकपणाचं दुसरं नाव.' त्यावर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. निरोप समारंभात उत्सवमूर्तीने असं काही ऐकलं की खाली बघून मंद हसायचं असतं. मी खाली बघितलं. हसायला काही जमलं नाही. त्या एका शब्दाबद्दल मला हरकत घ्यायची आहे, पण आधी रीतसर चार गोष्टी सांगते, म्हणजे तुम्हाला समजायला सोपं जाईल.

जिउ-जित्सू म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि तरीही तुम्ही त्यातल्या पदकासाठी टाळ्या वाजवायला आलात, हा तुमचा मोठेपणा. ही जपानात जन्मलेली, ब्राझीलमध्ये वाढलेली आणि रोडपालीत टायरच्या दुकानावरच्या गाळ्यात येऊन स्थिरावलेली कुस्ती आहे. जाड सुती कोट घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा, जमिनीवर लोळायचं आणि समोरच्याचा हात, पाय किंवा गळा असा धरायचा की त्याने आपणहून 'पुरे' म्हणावं. बुक्की नाही, लाथ नाही. चौतीस वर्षं मी लोकांचे निखळलेले सांधे जागेवर बसवताना हात लावला. निवृत्त झाल्यावर ते जागेवरून हलवायला शिकले. आयुष्यात समतोल हवा.

मी यात कशी पडले? अक्षरशः पडले. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण भीती अशी बसली की घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागले. मी! जिने वॉर्डात शेकडो म्हाताऱ्यांना 'उठा, चाला, नाटकं नकोत' म्हणून दटावलं ती! तेव्हा धनेश सर आईची औषधं समजून घ्यायला आले होते. ते म्हणाले, 'सिस्टर, आमच्याकडे पहिला महिना फक्त पडायलाच शिकवतात.' म्हटलं, हे बरं आहे. एक महिना पडायला शिकायचं आणि घरी बसायचं. त्याला पाच वर्षं झाली.

आता चंद्रावती. आजच्या पत्रिकेत चंद्रावतीताई छापलंय, पण आम्ही एकमेकींना इतक्या वेळा लोळवलंय की ताई-बाई राहिलेलं नाही. क्लासची ती इमारत तिच्या घरच्यांनी, शेती गेली त्याबदल्यात सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेली. खाली टायरवाला, मध्ये आम्ही, वर घरत मंडळी. एका सकाळी दार धाडकन उघडलं आणि ही कमरेवर हात ठेवून उभी. 'काय चाललाय काय? आमच्या घरान भांडी पडतान!' क्लास बंद करायलाच आली होती. धनेश सरांनी घाबरून खुर्ची पुढे केली. ती दहा मिनिटं बसली, आमचं लोळणं बघितलं, आणि मला म्हणाली, 'तुमी तिचा पाय धरताव, पन हात मोकला सोरताव. हात धरा ना!' बाई पहिल्याच दिवशी, नऊवारीत, खुर्चीवर बसून बरोबर सांगत होती. आठवड्याभरात सूनबाईंचा, म्हणजे मनिषाचा, ट्रॅकसूट घालून ती मॅटवर उतरली.

लग्नाआधी तिने वडिलांच्या मिठागरात काम केलंय. त्या हातांनी तुमच्या कोटाची बाही धरली की ती बाही तुमची राहत नाही. माझ्याकडे काय होतं? चिकाटी, आणि कोणतं हाड कुठल्या बाजूला वळत नाही याची माहिती. आम्हा दोघींचं मिळून वय एकशे अठरा, आणि धड असलेले गुडघे तीन. पोरं आम्हाला बघायला थांबायची; मी त्यांची सिस्टर, ही आत्या. सकाळी सहा ते साडेसात, शनिवार सोडून. शनिवार हा आम्हा ज्यूंचा शब्बाथ; त्या दिवशी मी का येत नाही, हे चंद्रावतीने एकदाच विचारलं आणि मग धनेश सरांनाच तंबी दिली की शनिवारी नवा डाव शिकवायचा नाही, सिस्टर मागं पडेल. डबा आणायची तेव्हा माझ्यासाठी वेगळा, बिनकोलंबीचा. आम्हाला कोलंबी चालत नाही, हेही एकदाच सांगावं लागलं होतं. माझ्या स्वतःच्या मावशांना चारदा सांगावं लागायचं.

या खेळातली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. समोरच्याची पकड बसली आणि आता सांधा जाणार असं वाटलं, की त्याच्या अंगावर दोनदा हात आपटायचा. त्याला टॅप म्हणतात. टॅप केला की तुम्ही हरलात. मान अवघडलेली असते, तोंडातून आवाज निघत नाही, तेव्हा सगळी भिस्त त्या हातावर. चंद्रावतीला हे सुरुवातीला पटेना. 'हारला तं तोंडानं बोलल ना,' असं तिचं म्हणणं. एकदा तिने माझा खांदा धरला, मी आपटतेय, आपटतेय, आणि ही बाई विचार करतेय. सुटल्यावर मी तिला माझ्या वॉर्डातल्या आवाजात सांगितलं, 'चंद्रावती, टॅप म्हणजे पेशंटची घंटा. वाजली की हातातलं काम टाकायचं. खरी वाजली की चुकून, ते नंतर बघू. आधी सोडायचं.' तिने मान डोलावली. त्या दिवसापासून पाच वर्षांत तिने कधी अर्ध्या सेकंदाचाही उशीर केला नाही. क्लासमध्ये कुणी नवीन आलं, घाबरलेलं असलं, की धनेश सर त्याला पहिल्यांदा चंद्रावतीकडे द्यायचे. तिच्या हातात कुणाला इजा होत नाही, याची सगळ्यांना खात्री होती.

स्पर्धेत नियम थोडा वेगळा असतो. तिथे पंचाने थांबवेपर्यंत पकड सोडायची नसते. धनेश सरांनी आम्हा दोघींना हे दहा वेळा सांगितलं होतं. चंद्रावतीने ते ऐकलं होतं, पण तिच्या हाताला वळण माझं होतं.

काय गं चंद्रावती? जेवण थंड होतंय? होऊ दे. वरण गरम करता येतं.

तर ऑगस्टमधल्या एका रविवारी वाशीला स्पर्धा झाली. ज्या सुवर्णपदकासाठी आज ही शाल माझ्या खांद्यावर आहे, ती स्पर्धा. केतनरावांनी 'राष्ट्रीय पातळीवरील चुरशीच्या लढतीतून' असं म्हटलं. आमच्या गटाचं नाव होतं छप्पन्न वर्षांवरील महिला. त्यात एकूण नावं किती आली असतील? एकशे चाळीस कोटींच्या देशातून दोन. मी आणि ही. पहिली फेरी हीच अंतिम फेरी. पदक दोघींचंही पक्कं, रंग तेवढा ठरायचा होता.

अशा वेळी एक रिवाज आहे. एकाच क्लासचे दोघे समोरासमोर आले तर न खेळताच आपसात ठरवतात, एकाने माघार घ्यायची आणि दुसऱ्याने सोनं. धनेश सर हळूच म्हणाले, 'सिस्टर, आत्या, ठरवून टाका ना. दोघींच्या गुडघ्यांना आराम.' तेव्हा चंद्रावती काय म्हणाली? 'पाच वर्सा घरातली भांडी पारली, ती काय न खेलाला?' मला इतका आनंद झाला! कारण मला खेळायचं होतं. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं. मी हे आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय. मला फार जिंकायचं होतं. तिकडे विमानातून उतरले की मी कुणाची तरी आई आणि कुणाची तरी आजी असणार आहे, जिला दुकानावरची पाटी वाचता येत नाही आणि जिचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा लागतो. इथे निदान 'सिस्टर' म्हटलं की रिक्षावाला थांबतो. जाताना माझं स्वतःचं, मी मिळवलेलं काहीतरी पिशवीत असावं, अशी हाव सुटली होती. हाव म्हणजे हावच, त्याला दुसरा शब्द नाही.

पाच मिनिटांची लढत. पहिली चार मिनिटं काहीच झालं नाही. ज्येष्ठांच्या गटाचं हे वैशिष्ट्य आहे, प्रेक्षक चहा पिऊन परत येतात तरी त्यांचं काही चुकलेलं नसतं. गुण शून्य-शून्य. मग चंद्रावती पाठीवर, मी तिच्या वर, आणि मला वाटलं, आता आलं हातात. नेमका तोच हात तिने धरला. माझा उजवा हात तिच्या दोन्ही मांड्यांमध्ये गेला, तिने कंबर उचलली आणि माझं कोपर सरळ झालं. पुढे काय होतं ते मला पुस्तकातल्या चित्रासकट माहीत होतं. पंच माझ्या उजव्या बाजूला उभे होते. माझा डावा हात त्यांना दिसत नव्हता. मी त्या डाव्या हाताने टॅप केला.

हो. मी टॅप केला. मी हरले होते.

थांबा, कुजबुज नंतर करा. अध्यक्ष महोदय, दोन मिनिटं जास्त घेते, प्रमुख पाहुण्यांना काय तो उशीर आधीच झालाय.

तिने सोडलं. त्याच क्षणी, जसं मी शिकवलं होतं तसं. पाय बाजूला घेतले, उठून बसायला लागली, आणि हसत मला हात दिला. मी उठावं म्हणून. पंचांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांनी थांबवलं नव्हतं. आणि मी, सिप्पोरा झिराडकर, प्रामाणिकपणाचं दुसरं नाव, तो हात धरला, खाली दाबला, तिचे पाय ओलांडले आणि तिच्या अंगावर आडवी पडले. पंचांनी तीन बोटं वर केली. तीन गुण.

ती म्हणाली, 'अगो, तू टॅप केलास नं?' पंच बाहेरून आलेले, त्यांना तिची बोली कशी समजावी? ते ओरडले, 'फाइट, फाइट!' मग तिने माझ्याकडे बघितलं. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. मी तिच्या कानामागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिले. चाळीस सेकंद. त्यानंतर ती धडपडलीच नाही. बेल वाजली, पंचांनी माझा हात वर केला, आणि आपल्या पोरांनी जो काय आरडाओरडा केला! तेवढ्यात केतनरावांनी बॅनरची ऑर्डरही देऊन टाकली.

हा झाला गुन्ह्याचा पहिला भाग. अंगात वारं शिरलं होतं, मती फिरली होती, चाळीस सेकंदच होती, असं काहीबाही त्याबद्दल मी स्वतःला सांगू शकले असते. दुसरा भाग गाडीत झाला. केतनराव पुढे बसून फोनवर 'सुवर्णकन्या मोठ्या अक्षरात टाका' असं सांगत होते. मागे आम्ही दोघी. चंद्रावतीने हळूच विचारलं, 'शिस्टर, तू टॅप केलास नं? मना हात लागला.' रागाने नाही हो. जसं आपण विचारतो ना, गॅस बंद केला होता ना, तसं. आणि मी, पट्टा सोडून, पाणी पिऊन, पूर्ण शुद्धीवर असताना म्हणाले, 'गडबडीत हात लागला असेल गं.'

तिने डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, 'असल.' आणि डबा उघडला. माझा वेगळा होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने गावभर सांगायला सुरुवात केली. बाजारात, हळदीला, बारशाला, 'आमच्या शिस्टरनं गोल्ड आनला.' हा कार्यक्रम तिने ठरवला, हॉल तिने दिला, पत्रिकेत 'सुवर्णपदक विजेत्या' हे शब्द घालायचा हट्ट तिचा. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही माझा सूड घेतेय. म्हटलं, काय बाई आहे, एक शब्द वावगा न बोलता रोज थोडी थोडी आवळतेय! मी मनातल्या मनात दादही दिली. आणि क्लासला जाणं बंद केलं. सामानाची बांधाबांध आहे, कागदपत्रं आहेत, नातेवाइकांकडे जायचंय. एवढी बांधाबांध की दोन बॅगांसाठी दोन महिने लागले.

मधल्या काळात आमचा उपासाचा मोठा दिवस आला. आमच्यात असं मानतात की देवाच्या बाबतीत केलेल्या चुका त्या दिवशी देव माफ करतो, पण माणसाच्या बाबतीत केलेली चूक त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावी लागते, देव त्यात पडत नाही. मी दिवसभर सिनेगॉगमध्ये बसून होते. पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळ्या ज्ञात-अज्ञात चुकांची यादी म्हटली. रोडपाली तिथून रिक्षाने किती लांब आहे, तुम्हीच सांगा. मी गेले नाही.

मग पंधरा दिवसांपूर्वी धनेश सरांचा फोन आला. 'सिस्टर, आत्यांना बरं नाही का हो? त्या टॅप केला तरी सोडत नाहीत.' मला समजेना. ते म्हणाले, 'समोरच्याने हात आपटला की त्या धरूनच ठेवतात, आणि विचारतात, खरा हाय का?' तो प्रणित, न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघतो तो, पलीकडे बसलाय बघा, हात गळ्यात बांधून. त्याने तुम्हा सगळ्यांना बाइकवरून पडलो म्हणून सांगितलंय. तो बाइकवरून पडलेला नाही. त्याने तीनदा टॅप केला होता. हे त्याने तिला सांभाळून घेण्यासाठी लपवलं, त्याची मी आजन्म ऋणी राहीन. पण पोरं आता तिच्यासोबत खेळायला बिचकतात. जिच्याकडे नवीन माणसं पहिल्यांदा द्यायचे, ती आता कोपऱ्यात एकटीच व्यायाम करते आणि वर निघून जाते. धनेश सरांनी तिला विचारलं, आत्या, असं का करता? ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'मना आता समजत नाय रं. मना भास होतान.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सूड कसला? ती मला काही शिक्षा देत नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता! सिस्टर म्हणाली हात लागला असेल, म्हणजे हात लागला असेल. सिस्टर खोटं कशाला बोलेल? मग खोटं कोण? तिचं स्वतःचं अंग. साठीला आलेल्या बाईने माझा शब्द खरा मानला आणि स्वतःच्या कातडीला खोटं ठरवलं. गावभर माझं कौतुक करत हिंडली ती अगदी मनापासून. माझ्या लबाडीची मला लाज वाटत होतीच; हे ऐकल्यावर मात्र मला रडू आलं, आणि मी वॉर्डातसुद्धा कधी रडलेली नाही.

मी संयोजकांना ईमेल केला. जे झालं ते लिहिलं, निकाल बदला म्हटलं. चार दिवसांनी उत्तर आलं. निकाल अंतिम असतो, आपण कळवल्याबद्दल आभार, आणि पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशासाठी दहा टक्के सवलत. त्यामुळे कागदावर मी तुमची सुवर्णकन्याच राहणार. ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी खुशाल काढा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिला घरी जाऊन एकटीला सांगता आलं नसतं का? आलं असतं. तीन वेळा जिन्यापर्यंत गेले. पण विचार केला, मी तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगणार, ती म्हणणार 'जाव दे गो,' आम्ही दोघी डोळे पुसणार, आणि बुधवारी मी जाणार. आणि इथे? इथे चंद्रावती घरत म्हणजे जिला सिस्टरने हरवलं ती, आणि जी हल्ली पोरांचे हात मोडते ती. माझं कौतुक चारचौघांत झालं, तर हेही चारचौघांतच व्हायला हवं. म्हणून अध्यक्ष साहेब, प्रामाणिकपणाबद्दल आपण जे बोललात त्यावर माझी हरकत आहे, ती मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. आणि क्लासच्या मुलांनो, आत्या चुकत नाही. तिला चुकवलं मी. उद्यापासून तिच्यासोबत खेळा. प्रणित, तुझं कोपर बरं झालं की सगळ्यांत आधी तू.

आता आभार. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, कारण अखेर ते थांबले. धनेश सरांचे, ज्यांनी मला पडायला शिकवलं. एवढं खाली जाता येतं हे त्यांनाही माहीत नसावं. केतनरावांचे, मनिषाचे, मागे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे, माझ्या मोहल्ल्याचे, जो आता आणखी एका घराने रिकामा होतोय. या गावात मी एकसष्ट वर्षं राहिले, त्यातली चौतीस तुमच्या आजारपणात. रात्री-अपरात्री मी कुणावर ओरडले असेन, कुणाच्या नातेवाइकाला वॉर्डाबाहेर काढलं असेन, आणि आत्ता भरल्या मांडवात बोलू नये ते बोलले असेन, तर मन मोठं करून पदरात घ्या. बुधवारनंतर ओरडायला मी इथे नसेन. चंद्रावती, तुझी माफी मात्र मी अशी सगळ्यांबरोबर घाऊक मागणार नाही. तुझी वेगळी मागते. मला माफ कर. केलं नाहीस तरी चालेल, पण माझं ऐक. तुझ्या हाताला जे समजतं ते खरं असतं. हात आपटला की सोड.

का उठलीस? बस ना. काय विचारतेयस? माईकवर ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल.

'कुठं मारलेलास?'

उजव्या कुशीवर. बरगडीच्या खाली.

'दोनदा?'

दोनदा.

'मंग मना बराबर समजलेला.'

हो गं. तुला बरोबर समजलं होतं.